टँक साफ करणारा मासा उजनीत काय करतो?

नेहमीप्रमाणे या भागाचा मजकूर खाली लिहूनही देतोय, कारण एसटीत इअरफोन विसरणारे लोक आपल्यात बरेच आहेत.

श्रीगोंद्याच्या एका श्रोत्याने मेसेज केला होता. शेततळ्यात शेवाळ फार झालंय, ॲक्वेरियमच्या दुकानात काचेला चिकटणारे ‘टँक क्लीनर’ मासे मिळतात, त्यातले वीस-पंचवीस आणून सोडले तर काम होईल का? दोन शब्दांत उत्तर द्यायचं तर, नको भाऊ. पण का नको, हे नीट सांगायचं तर ॲमेझॉनपासून सिद्धटेकपर्यंत यावं लागतं. म्हणून आजचा अख्खा भाग या एका माशावर.

मासा तुम्ही पाहिलेला आहे, शंभर टक्के. हॉटेलच्या काउंटरवर, दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये, मावशीच्या हॉलमध्ये जो काचेचा टँक असतो, त्यात काळपट, ठिपक्या-ठिपक्यांचा, तोंड काचेला लावून तासन्‌तास एका जागी पडून राहणारा. लहान मुलं काचेच्या बाहेरून त्याचं तोंड बघून हसतात. दुकानदार त्याला ‘सकर’ म्हणतो, कुणी ‘प्लेको’ म्हणतं, कुणी ‘क्लीनर’. उजनीच्या काठावर याच माशाला ‘हेलिकॉप्टर’ असंही नाव पडलंय. पाठीवर शिडासारखा मोठा पर, पुढे जाड डोकं, मागे निमुळती शेपटी. नाव ठेवणाऱ्याची नजर चांगली आहे.

नावांची गंमत इथेच संपत नाही. फिलिपाइन्समध्ये याला ‘जॅनिटर फिश’ म्हणतात, म्हणजे झाडूवाला. इंडोनेशियात ‘सापू-सापू’, म्हणजे झाडूच. मलेशियात तर ‘इकान बंदाराया’, म्हणजे सरळ महानगरपालिका मासा! सगळ्या जगाने याला सफाई खात्यात भरती करून घेतलंय. मेक्सिकोचे मच्छीमार मात्र त्याला ‘पेझ दियाब्लो’ म्हणतात, सैतान मासा. ज्यांनी टँकमध्ये पाहिला त्यांनी झाडूवाला म्हटलं, ज्यांच्या जाळ्यात आला त्यांनी सैतान. मला तर यातच सगळी गोष्ट दिसते.

शास्त्रीय नाव टेरिगोप्लिक्थिस. बोलता येत नसेल तर सोडून द्या, मी पण तीनदा रिटेक घेतलाय. घराणं लोरिकॅरिडी, म्हणजे चिलखती कॅटफिश. या घराण्यात नऊशेहून जास्त प्रजाती आहेत आणि मूळ घर दक्षिण आणि मध्य अमेरिका. आपल्याकडच्या शिंगट्याचा, मागूरचा हा लांबचा भाऊबंद. पण शिंगट्याचं अंग गुळगुळीत असतं आणि याच्या अंगावर हाडांच्या पट्ट्या रांगेने बसवलेल्या असतात, कौलं बसवावीत तशा. खवले नाहीत. पाठीच्या आणि छातीच्या परांना पुढे जाड काटे, आणि धोका दिसला की हा ते काटे ताठ करून अडकवून ठेवतो. छातीचे काटे सांध्यात घासून कुरकुर आवाजही काढतो.

तोंड खाली, बशीसारखं. ओठांनी दगडाला चिकटायचं आणि आतल्या बारीक दातांच्या ओळीने घासायचं, ब्रशने तवा घासावा तसं. आता प्रश्न असा की तोंडच चिकटलेलं असेल तर श्वास कसा घेतो? माशाला तर तोंडातून पाणी घेऊन कल्ल्यातून सोडावं लागतं. याच्या तोंडाच्या दोन्ही कडांना मिशांजवळ खाच असते, तिथून थोडं थोडं पाणी आत येत राहतं आणि पकड सुटत नाही. इंजिनिअर माणूस म्हणून मला हे डिझाइन फार आवडलं. डोळ्याचंही तसंच. उजेड वाढला की बुबुळाचा एक पडदा वरून खाली उतरतो आणि बाहुलीचा आकार घोड्याच्या नालासारखा होतो. हा मुळात रात्रीचा गडी आहे. दिवसा कपारीत, अंधार पडला की तळ चाटत फिरायचं.

खातो काय? शेवाळ, दगडावरचा बुळबुळीत थर, कुजलेला पाला, गाळ आणि गाळातले किडे, मिळालं तर माशांची अंडी. हे सगळं पचायला जड, म्हणून आतडं शरीराच्या कितीतरी पट लांब, घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं. लांब आतडं म्हणजे दिवसभर खाणं, आणि दिवसभर खाणं म्हणजे दिवसभर, तुम्हाला कळलं. त्यामुळे टँक साफ होतो ही अर्धीच गोष्ट. काच साफ होते, तळाला दोऱ्यासारखी विष्ठा साचते. मोठा झाला की तर तो शेवाळ सोडून सरळ वरून पडणाऱ्या गोळ्या खायला शिकतो.

आणि मोठा होतोच. दुकानात दोन इंचांचा असतो, स्वस्त असतो. बरा सांभाळला तर फुटाच्या पुढे जातो, काही दीड फुटापर्यंत, आणि दहा वर्षं सहज जगतो. दोन फुटी टँकमध्ये हा मावत नाही. मग घरात चर्चा होते. मारायचा कसा, पाप लागेल. दुकानदार परत घेत नाही. शेवटी आजी म्हणते, अरे नदीत सोडून ये, मुक्या जिवाला मोकळं कर. मनात दया असते, वाईट काहीच नसतं. नगर शहरातून, म्हणजे आता अहिल्यानगर पण तोंडात नगरच येतं, कुणी सीनेत सोडला तर ती सीना पुढे सोलापूर जिल्ह्यात भीमेला मिळते. श्रीगोंद्याच्या बाजूने घोड भीमेला मिळते. आणि पुण्याचं तर काय, मुळा-मुठेत जे पडेल ते दौंडमार्गे आपल्या दारात.

आता आपलं दार म्हणजे काय, ते सांगतो. उजनी धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात आहे. धरण १९८० साली पूर्ण झालं, साठा सुमारे ११७ टीएमसी, पण फुगवटा मागे इतका पसरतो की त्याच्या काठावर तीन जिल्हे येतात: सोलापूर, पुणे आणि आपला. आपल्या वाट्याला कर्जत तालुक्याचा दक्षिणेकडचा पट्टा. सिद्धटेकला अष्टविनायकाच्या दर्शनाला गेला असाल तर खाली जी भीमा दिसते, तिचंच पाणी पुढे उजनीच्या फुगवट्यात मिसळतं. पलीकडे भिगवण, फ्लेमिंगो आणि मासे खायची हॉटेलं. अलीकडे तेवढी गर्दी नसते, पण भोई कुटुंबं आहेत, होड्या आहेत, रोजचं पोट या पाण्यावर आहे.

गेल्या काही वर्षांत या जलाशयात सकर मासा जाळ्यात यायला लागल्याच्या बातम्या मराठी पेपरांत येत गेल्या. मी स्वतः गेल्या हिवाळ्यात कर्जतच्या बाजूला एका काठावर पाहिला. एक मामा जाळं मोकळं करत होते. चिलापी एका पाटीत, आणि बाजूला दगडांवर हे पाच-सहा काळे पडलेले. मी विचारलं, मामा, हे कुणी घेत नाही का? ते म्हणाले, “घेतंय कोण याला? वरनं निस्तं हाड. एक सोडवायला धा मिंटं जात्यात, तवर जाळं फाटतंय.” मी एक उचलायला गेलो तर म्हणाले, “जपून, ते मेलेलं न्हाई. सकाळपासनं पडलंय, पण मेलेलं न्हाई.”

खरंच मेलेलं नव्हतं. या माशाच्या जठराच्या भिंतीत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. पाण्यात प्राणवायू कमी झाला की हा वर येऊन हवेचा घोट गिळतो आणि जठरातूनच प्राणवायू घेतो. पोटाने श्वास! अंग ओलसर राहिलं तर पाण्याबाहेर कित्येक तास काढतो. त्यामुळे शहरांच्या सांडपाण्याने जिथे रोहू-कटला गुदमरतात तिथे याला काही फरक पडत नाही. थंडीचं तेवढं वावडं. पाणी दहा-बारा अंशांच्या खाली गेलं की मरतो. पण उजनीचं पाणी तितकं गार कधी होणार?

जाळ्याचं गणित जरा समजून घ्या, कारण पेपरात ‘मच्छीमार हैराण’ एवढंच येतं. लावून ठेवायच्या जाळ्यात मासा डोकं घालतो आणि कल्ल्यापाशी अडकतो. चिलापी असेल तर दोन झटक्यांत सुटते. हा अडकला की तिन्ही काटे ताठ करतो आणि वरून पट्ट्यांच्या कडा करवतीसारख्या. दोरा ओढला की तुटतो, नाही ओढला तर मासा निघत नाही. म्हणजे एका माशामागे वेळ गेला, जाळं गेलं, आणि हातात आलेल्याला भाव शून्य. डिझेल किंवा वल्ह्याची मेहनत तीच. जाळं परत विणायला बसायचं ते घरच्या बायकांनी. हे नुकसान कुठल्या पंचनाम्यात येत नाही.

आणि हा अंडी घालतो कुठे, तर काठात. नर मातीच्या उभ्या काठात बीळ कोरतो, हातभर, काही ठिकाणी मीटरभर खोल. मादी आत शेकडो अंडी घालून निघून जाते, मोठी मादी हजाराच्याही वर घालते, आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत नर दारात बसतो. चांगला बाप आहे, त्याबद्दल वाद नाही. आपल्या रोहू-कटला-मृगळाचं उलट असतं. पावसाळ्याच्या पुरात लाखो अंडी सोडायची आणि देवावर हवाला. शंभरातलं एखादं वाचलं तरी पुष्कळ. यांच्यात सुरुवातीपासून पहारा.

उजनी दर उन्हाळ्यात खाली जाते, मृतसाठ्यात जाते. तेव्हा उघड्या पडलेल्या काठावर अशी बिळं दिसू शकतात. जगात इतर ठिकाणी असं दिसलंय की पाणी उतरल्यावरही ओल्या बिळात हे मासे तग धरतात. फ्लोरिडात, मेक्सिकोत या बिळांमुळे काठ ढासळून गाळ वाढल्याच्या नोंदी आहेत. आता इथे कुणीतरी लगेच कमेंट टाकणार की म्हणजे हा उजनी फोडणार. नाही. आपल्याकडे एकदा खेकड्यांनी धरण फोडल्याचं ऐकून झालंय, तेवढं पुरे. उजनीच्या भिंतीला या माशाने काही होत नाही. मातीचे कालवे, ओढ्याचे काठ, अस्तर नसलेली तळी, यांना मात्र होतं.

म्हणजे शेततळ्याचं उत्तर आलं. प्लॅस्टिक अंथरलेलं तळं असेल तर बीळ कोरता येणार नाही, पण शेवाळही संपणार नाही, कारण शेवाळ वाढतं ते पाण्यातल्या नत्र-स्फुरदामुळे, आणि मासा खाल्लेल्यातला बराच भाग परत पाण्यातच सोडतो. चांगला पाऊस झाला, तळं सांडलं, की तुमचा मासा ओढ्यात.

यात एक भारी बारकावा आहे. मेक्सिकोच्या चियापास भागातल्या चाकामाश नदीवर संशोधकांनी या माशांचा अभ्यास केला, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांना दिसलं की हे चिलखत बनवायला स्फुरद खूप लागतं, त्यामुळे मासे नदीतला स्फुरद स्वतःच्या अंगात अडवून ठेवतात आणि नत्र मात्र बाहेर सोडत राहतात. हजारो मासे झाले की नदीचं खतपाण्याचं गणितच बदलतं. अंगावर कवच चढवता चढवता नदीची केमिस्ट्री बदलणारा प्राणी!

मेक्सिकोतच इन्फिएर्निलो नावाचं मोठं धरण आहे. ती गोष्ट उजनीवाल्यांनी ऐकण्यासारखी आहे, कारण तिथेही मासेमारी मुख्यतः चिलापीवर चालायची. देशातली एक मोठी गोड्या पाण्याची मासेमारी होती ती. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत सैतान मासा तिथे पसरला आणि बघता बघता जाळ्यात निम्म्याहून जास्त हाच येऊ लागला. हजारो लोकांचं काम अडचणीत आलं. काहींनी मग त्याचंच सुकं मांस करून विकायचा प्रयत्न केला, तो अजून चालूच आहे. तिकडे पोर्तो रिकोमध्ये पेलिकन पक्षी हा मासा गिळताना काटे घशात अडकून मेल्याची नोंद आहे. उजनीवरचे चित्रबलाक, राखी बगळे आठवले की मला हे वाचून बरं वाटत नाही.

भारतात? कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत आहे, केरळच्या कालव्यांत आहे, आंध्रात कृष्णेच्या खोऱ्यात आहे. २०२० मध्ये वाराणसीला गंगेत सापडला तेव्हा नॅशनल न्यूज झाली. बांगलादेशने २०२३ मध्ये बंदी घातली. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने परक्या आक्रमक प्रजातींची आयात, विक्री, पैदास यांवर नियंत्रण आणायचा अधिकार केंद्र सरकारला मिळालाय. अधिकार आहे, पण कोपऱ्यावरच्या दुकानात मासा अजून सहज मिळतो.

आता एक बाजू अशी की सगळं खापर या एकट्यावर फोडणं मला पटत नाही. चिलापी काय इथली आहे? तीही बाहेरचीच, १९५२ मध्ये भारतात आणलेली. तिने उजनीत आपल्या माशांची जागा घेतली तेव्हा ती विकली जात होती, म्हणून कुणी ओरडलं नाही. बारीक आसाची वडाप जाळी लावून बोटाएवढी पिल्लं उपसणारे आहेत. पुण्याचं सांडपाणी आहे. या सगळ्याने पाणी आधीच अशा माशासाठी तयार करून ठेवलं, ज्याला गाळ, घाण आणि थांबलेलं पाणी चालतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर उघडा ठेवला होता, कुणीतरी लॉगिन होणारच होतं. आणि एकदा प्रॉडक्शनला गेलेल्या या गोष्टीला रोलबॅक नाही. एवढ्या मोठ्या जलाशयातून हा मासा पूर्ण काढता येईल असा उपाय जगात कुणालाच सापडलेला नाही. काढत राहणं, एवढंच आहे.

आणि गाळ चाटणारे, दगड घासणारे मासे आपल्याकडे नव्हते का? होते की. आहेत. मल्या, कुणी मळ्या म्हणतं. बोटाएवढा, हनुवटीखाली गोल चकती, तिने वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून शेवाळ खरवडतो. आपला देशी सकर! तळाच्या वाळूत लपणारा, पट्टेवाला मुरा आहे. मृगळ तर तळाचंच खातो. कर्नल सायक्स नावाचा इंग्रज अधिकारी, ज्याच्या नावाने सायक्सचा चंडोल ओळखला जातो, तो १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरत होता. त्याने भीमेच्या खोऱ्यातले मासे गोळा केले आणि १८३९ च्या सुमारास त्यांची वर्णनं छापली. नावं देताना त्याने लॅटिन शब्दकोश फारसा उघडलाच नाही, मच्छीमारांनी जे सांगितलं तेच लिहिलं. म्हणून आजही जगभरच्या शास्त्रज्ञांना मल्या लिहायचा तर ‘गारा मल्या’ आणि मुरा लिहायचा तर शेवटी ‘मुरे’ असंच लिहावं लागतं. भीमाकाठच्या कुणा भोयाचा शब्द लंडनच्या जर्नलमध्ये जाऊन बसला, आणि त्या भोयाचं नाव काही तिथे आलं नाही.

मल्याला वाहतं, दगडधोंड्यांचं पाणी लागतं. धरण झालं, पाणी थांबलं, दगडांवर गाळ बसला, तिथून तो हटला. सकरने त्याला हाकललं असं म्हणणं अर्धवट ठरेल. जागा आधी रिकामी झाली होती. मल्या अजून बघायचा तर वर जायला लागतं, अकोल्याच्या बाजूला सह्याद्रीतल्या ओढ्यांत.

खाता येतो का, हा प्रश्न येणार हे माहीत होतं. येतो. ॲमेझॉनकाठी लोक याला अख्खा निखाऱ्यावर ठेवतात, कवच हेच भांडं, भाजल्यावर फोडून खातात. तिथे याचं सुकं पीठही करतात. पण मांस कमी, आणि तळाचा गाळ खाणाऱ्या माशाच्या अंगात त्या गाळातलं सगळं येतं. जकार्ताच्या नदीतला हा मासा खाण्याबद्दल तिथे जड धातूंमुळे काळजी आहे. उजनीतल्याबद्दल माझं मत असं की आधी तपासणी व्हावी, मग रेसिपी. खत, माशांचं खाद्य असे मार्ग सोपे वाटतात, पण त्यासाठी मामांच्या काठावरून रोज कुणीतरी किलोवर पैसे देऊन मासा उचलायला हवा. पाच रुपये किलो मिळाले तरी तो परत पाण्यात जाणार नाही. आत्ता तो काठावर पडतो, आणि तुम्हाला माहितीये तो लवकर मरत नाही.

ज्यांच्या घरी आत्ता टँकमध्ये आहे त्यांच्यासाठी. तुम्ही काही गुन्हा केलेला नाही, घाबरू नका. मोठा झाला की मोठा टँकवाला शोधा, दुकानदाराला परत घ्यायला लावा, ॲक्वेरियमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फुकट द्या. काहीच नाही जमलं तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. नदी, ओढा, विहीर, शेततळं, गणपती विसर्जनाचा हौद, यांपैकी काही नाही. आणि नवीन घ्यायचाच असेल तर दुकानदाराला विचारा की मोठा झाल्यावर किती होतो. त्याने ‘एवढाच राहतो’ म्हटलं तर दुकान बदला.

नदीत सापडला तर पोटाकडून एक फोटो काढा. पोटावरची नक्षी कामाची असते. सुटे ठिपके असतील तर एक प्रजाती, ठिपके जुळून वळवळत्या रेघा झाल्या असतील तर दुसरी, आणि बाहेरच्या देशांत या दोघांची सरमिसळ झालेलीही दिसते. ठिकाण आणि तारखेसकट आयनॅचरलिस्टवर टाका. कर्जत, श्रीगोंदा भागातल्यांनी खास करून, आणि मुळा, भंडारदरा, नाथसागरच्या काठावर कुणाला दिसला तर मला पण पाठवा. तिथून मला अजून एकही फोटो आलेला नाही, आणि येऊ नये असंच वाटतं.

पुढच्या भागात वाम. साप नाही, मासाच आहे, पण आमच्या आत्याला अजून पटलेलं नाही. चला, भेटू.